शेवटचा भाग आधी

कोणतीही मालिका सुरू करायच्या आधी मी तिचा शेवटचा भाग बघते. ज्ञानदा झाल्यापासूनची ही सवय. पूर्वी मी अशी नव्हते. वाशीमला बी.एस्सी. करताना आम्ही सहा जणी एका मोबाइलवर कोरियन मालिका बघायचो आणि कुणी शेवट आधी फोडला तर तिच्याशी दोन दिवस बोलायचो नाही. आता मला आधी कळावं लागतं, यात लेकरू मरतं का. आई मरते का. कुणी कुणाला उचलून दवाखान्यात धावतं का. तसं काही असलं तर मालिका कितीही गाजलेली असू दे, मी पुढे सरकते.

माझी नणंद ज्योत्स्ना, मानोऱ्याला दिलेली, याची फार थट्टा करते. मागच्या उन्हाळ्यात ती महिनाभर माहेरी, म्हणजे आमच्याकडे किन्हीराजाला होती, तेव्हा आम्ही दोघींनी दुपारच्या दुपारी तीन मालिका संपवल्या. दोन कोरियन, एक चिनी, सगळ्या हिंदीत डब केलेल्या. निवडायचं काम तिचं. चित्र बघायची, दोन ओळी वाचायची आणि लावून मोकळी. मी म्हणायचे, थांब, शेवट बघू दे. तर म्हणायची, "वैनी, तुमी पेपर फुटल्याशिवाय परीक्षेलेच बसत नाही."

यंदा मात्र ती आली ती ज्ञानदाला बघायला. ती यायच्या सव्वीस दिवस आधी ज्ञानदाला झटका आला होता.

ज्ञानदा चौदा महिन्यांची. त्या दुपारी ती माझ्या शेजारी झोपली होती आणि मी एका मालिकेचा अकरावा भाग बघत होते. मध्येच तिच्या पोटावर हात ठेवला तर गरम लागलं. नेहमीपेक्षा थोडंच जास्त. भाग संपायला दहा मिनिटं होती. मी दहा मिनिटं बघितली. मग तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, ओठ निळसर पडले. माझ्या सासूबाईंनी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. माझे मिस्टर हरीओम शेतातून धावत येईपर्यंत झटका थांबलाही होता, तरी आम्ही तिला गाडीत घालून वाशीमला नेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ताप एकदम चढला की काही लेकरांना असं होतं, पाच-सहा वर्षांची झाली की बहुतेकांचं थांबतं. ताप आला की औषध द्या, अंग कोमट पाण्यानं पुसा. पुन्हा झटका आलाच तर कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका, नाकाशी काही धरू नका.

हे सगळं मी घरात प्रत्येकाला सांगितलं, कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. त्या दहा मिनिटांचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून थर्मामीटर माझ्या उशाशी आणि मोबाइल फक्त फोनपुरता. मालिका लावली की ताप येईल, असं मला वाटायला लागलं होतं. हे खोटं आहे हे मला कळत होतं. पण भीतीला बी.एस्सी.चं काय.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. झटक्यावर औषध एकच, बिब्बा. खालच्या आळीतल्या वच्छलामायच्या हाताला गुण आहे म्हणे. बिब्ब्यात टाचणी खुपसून तो दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याचे पाच ठिपके लेकराच्या पोटावर द्यायचे. मी माझ्या माहेरी हे पाहिलं आहे. माझ्या मावसभावाचं पोट उतलं होतं, फोड फुटून आठ दिवस त्याला कुशीवर वळता येत नव्हतं. धोबी ज्या तेलानं कपड्यांवर खुणा करतात ते हे तेल, कापड फाटतं पण खूण जात नाही. मी सासूबाईंना स्वच्छ सांगितलं, माझ्या पोरीला बिब्बा लागणार नाही. हरीओमनंही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुन्हा विषयही काढला नाही.

आमच्या सासूबाई, रुख्मिणीबाई, एखादी गोष्ट सोडून देणाऱ्यांतल्या नाहीत. त्या गप्प बसल्या तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

ज्योत्स्ना आल्यानंतर एके दिवशी हरभरा काढायला मशीन आमच्या शेतात येणार होतं, म्हणून सासरे आणि हरीओम सकाळीच गेले होते. नऊच्या सुमारास सासूबाईंनी माझ्याकडे टाचणी, म्हणजे सेफ्टी पिन, मागितली. मी बांगडीला अडकवलेली एक काढून दिली. पदराला हवी असेल. अकराला ज्ञानदाचं अंग किंचित कोमट लागलं म्हणून मी थर्मामीटर लावला. नव्याण्णव पॉइंट दोन. म्हणजे ताप नव्हे, उन्हाचं. पण सासूबाई माझ्या खांद्यावरून तो आकडा बघत होत्या, आणि आकडा त्यांना वाचता येतो.

जेवणं झाल्यावर ज्योत्स्ना मोबाइल घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. म्हणाली, किती दिवस अशी बसणार, एखादी नवीन लावू. मी नको म्हटलं. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "लाव वं, लाव. तुह्ये ते कोरियावाले वाट पाहून राह्यले असतीन. ग्यानीले मी नेतो, विनोदच्या घरची बकरी व्याली, पिल्लं दाखवतो तिले."

ग्यानी म्हणजे ज्ञानदा, विनोद शेजारचा. सासूबाईंना मालिकांचा राग. मागच्या वर्षी त्या आमच्या समोरून मुद्दाम केरसुणी फिरवायच्या. आज त्यांनी ज्ञानदाला टोपडं घातलं, कडेवर घेतलं आणि गेल्या. मला बरं वाटलं. घरातलं कुणीतरी मला म्हणत होतं की बघ, काही होत नाही. मी ते धरून ठेवलं.

मग आम्ही निवडायला बसलो. पहिली कोरियन. मासळीबाजारात खानावळ चालवणाऱ्या दोन बहिणी, सोळा भाग. मी शेवटच्या भागाखालच्या प्रतिक्रिया वाचल्या, कुणी मरत नव्हतं. ज्योत्स्ना म्हणाली, नको, मासे पाहून मळमळते. ही गेल्या उन्हाळ्यात बोंबील तळायला शिकलेली मुलगी. दुसरी चिनी. रेशीम रंगवणाऱ्याची पोर राजवाड्यात जाते, चाळीस भाग. मलाच वाटलं, लांबण आहे, पण ती म्हणाली, थांबा, पाहू तरी, आणि त्यातल्या सगळ्या नट-नट्यांची नावं एकेक करून वाचत बसली. तिसरी थायलंडची, जनावरांच्या डॉक्टरची. चौथी जपानी, डोंगरातली एक शाळा आणि तिच्यात तीनच मुलं. मुलं म्हटल्यावर मी ती सरकवली. ज्योत्स्नानं ती पुन्हा मागे आणली. मग पुन्हा पहिल्यावर गेली.

अर्धा तास झाला असेल. एका मिनिटात लावून मोकळी होणारी ही मुलगी आज काहीच लावत नव्हती. मी म्हटलं, ती खानावळवालीच लाव, मला चालेल.

ती म्हणाली, "आधी शेवटचा भाग पाहू ना, वैनी. पूर्ण पाहू."

मी तिच्याकडे बघितलं. ती मोबाइलकडे बघत होती.

शेवटचा भाग एक तास बारा मिनिटांचा होता. मी शेवट बघते म्हणजे पळवत बघते, पाच-सात मिनिटांत कोण जिवंत आहे ते मोजते आणि बंद करते. हे तिला माहीत आहे. तिला शेवट आधी कळलेला खपत नाही, हे मला माहीत आहे. मी हो म्हटलं आणि पाणी आणते सांगून स्वयंपाकघरात गेले. तहान लागली नव्हती. काहीतरी चुकत होतं, काय ते मला अजून कळलं नव्हतं.

माठाजवळच्या डब्याचं झाकण उघडं होतं. मसाल्यासाठी ठेवलेली खोबऱ्याची अख्खी वाटी त्यात नव्हती. सकाळी होती, मी भाजी करताना पाहिली होती. दुपारी खोबरं कुणाला लागतं? मग माझ्या मावशीचा हात डोळ्यांसमोर आला, मावसभावाच्या पोटावर चावलेलं खोबरं चोळणारा. बिब्बा उतला की त्याच्यावर खोबरं लावतात.

खोबरं. सकाळची टाचणी. नव्याण्णव पॉइंट दोन.

मी खोलीच्या दारात येऊन विचारलं, आई कुठं गेल्या. ज्योत्स्ना म्हणाली, बकरीचे पिल्लं दाखवाले. मी विचारलं, खोबरं घेऊन? पडद्यावर एक म्हातारी हसत हसत कुणालातरी वाढत होती. ज्योत्स्नाचा अंगठा त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर थांबला.

"वैनी, काही नाही होत," ती हळूच म्हणाली. "पाच टिपके फक्त. मले बी लावले होते. मी हाय ना."

मी चप्पल घातली नाही. रस्त्यावरचं सिमेंट तापलं होतं, पण ते मला घरी परत आल्यावर कळलं. वच्छलामायचं घर नाल्याच्या अंगाला, आमच्यापासून पाच मिनिटांवर. त्या पाच मिनिटांत मी सगळे शेवट बघितले. पोट उतलेलं. त्या आगीनं ताप चढलेला. तापानं पुन्हा झटका, आणि त्या अंधाऱ्या घरात नाकाशी कांदा. मशिनवर गेलेला हरीओम फोन उचलत नाही. तिच्या रडण्याचा आवाज येतो का म्हणून मी ऐकत पळत होते. आवाज येत नव्हता, आणि लेकरू रडत नाही याची मला जास्त भीती वाटत होती. एका ओट्यावर बसलेल्या बायकांनी, काय झालं वं, असं विचारलं. मी थांबले नाही.

दार उघडंच होतं. उन्हातून आत गेल्यावर आधी काही दिसलं नाही, फक्त दिवलीची ज्योत. मग ज्ञानदा दिसली. सासूबाईंच्या मांडीवर उताणी, फ्रॉक गळ्यापर्यंत वर केलेला, आणि दोन्ही मुठींत खोबऱ्याचा तुकडा धरून चोखत होती. समोर वच्छलामाय बसली होती. तिच्या हातात माझ्या टाचणीवर टोचलेला काळा बिब्बा होता.

मी ज्ञानदाला ओढूनच घेतलं. दारात उजेडाला धरून तिचं पोट बघितलं. पाठ बघितली, तळपाय, कानामागे, कपाळ. पुन्हा पोट. काही नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसली आणि खोबरं माझ्या तोंडाला लावायला लागली. मी तिला मांडीत घेऊन तिथंच खाली बसले.

तेव्हा मला सासूबाईंचा हात दिसला. डावा, कोपरापर्यंत उघडा, गुडघ्यावर पसरलेला. मनगटाच्या वर पाच काळे ठिपके एका ओळीत, आणि भोवतीची कातडी लालबुंद.

वच्छलामाय मला म्हणाली, "पयले माह्या हाताले लाव म्हने. किती पोळते ते पाहतो, मंग पोरीले लाव. तवापासून हात पाहूनच राह्यली. ना लाव म्हने, ना राहू दे म्हने."

सासूबाईंनी हात पदराखाली घेतला. मी त्यांना जे बोलणार होते ते तोंडाशी आलं होतं, पाच मिनिटं पळताना मी तेच जुळवत होते. ते बाहेर पडायच्या आधी त्याच बोलल्या.

"हरीच्या आधी एक होता," त्या म्हणाल्या. "किशन नाव ठेवलं होतं."

चार वर्षं मी सासरी आहे. असं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. भिंतीवर फोटो नव्हता, सणावाराला आठवण नव्हती. त्या ज्ञानदाच्या पायाकडे बघत सांगत होत्या. वर्षाचा होता, असाच ताप, असाच झटका. ही वच्छला बिब्बा घेऊन दारात उभी होती. "मीच म्हनलं, नको. एवढंसं पोट, पोळंल. दुसऱ्या दिवशी गेला तो."

मी म्हटलं, "आई, बिब्ब्यानं तो वाचला नसता."

"तुले काय ठाऊक?" आवाजात राग नव्हता. "तू होती का तिथं?"

मी तिथं नव्हते. मी जिथं होते तिथलंच मला सांगता येत होतं. ते मी का सांगितलं ते अजूनही कळत नाही. त्या हाताकडे बघून असेल. मी म्हटलं, "त्या दिवशी ती मला गरम लागली होती. झटक्याच्या आधी. भाग संपायला दहा मिनिटं होती. मी ती बघत बसले."

वच्छलामायनं फुंकर मारून दिवली विझवली. तेलकट, तिखट वास घरभर झाला. सासूबाईंनी नजर ज्ञानदाच्या पायांवरून माझ्याकडे वळवली. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नव्हती, आईला सांगितली नव्हती. आता ती त्यांच्या हातात होती. उद्या रागाच्या भरात, चार लोकांत, ज्ञानदाला पुन्हा काही झालं तर, त्या ती कधीही काढू शकत होत्या.

"कोनाले सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली, कुणालाच नाही.

"सांगू बी नको." त्या उठायला लागल्या, मग पुन्हा बसल्या. "मी बी नाही सांगितलं. हरीच्या बाबाले वाटते, वच्छला वेळेवर नाही आली म्हून गेला."

आमचे सासरे मारोतराव रस्त्यात वच्छलामाय दिसली की मान फिरवतात, हे मी पाहिलं होतं. जुनं शेताच्या बांधाचं भांडण असेल असं मी समजत होते.

"मी काही म्हनलं का कधी," वच्छलामाय म्हणाली, आणि माझी टाचणी राखेत पुसून माझ्यापुढे धरली.

टोक काळंच राहिलं होतं. मी ती घेतली, पण बांगडीला लावली नाही. नाल्याजवळ आल्यावर फेकून दिली, आणि मग कुणाच्या पायात जाईल म्हणून परत जाऊन शोधून दगडाखाली पुरली. सासूबाई तेवढा वेळ उन्हात उभ्या राहिल्या. ज्ञानदाला त्यांनी मागितलं नाही आणि मी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताला फोड आले. सासऱ्यांना त्यांनी सांगितलं, भाताचं झाकण काढताना वाफ लागली. सासरे म्हणाले, या वयात आता शीक स्वयंपाक. मी दोन वेळा खोबरेल लावून दिलं. फोड पाच, पोरीच्या पोटावर ते पाच कुठं आले असते ते मी बोटानं मोजत होते, आणि मी मोजते आहे हे त्यांना कळत होतं. दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकलं नाही.

ज्योत्स्नाशी मी बोलत नव्हते. ज्ञानदाला तिच्याकडे दिलं नव्हतं, आंघोळीला जाताना पाळणा न्हाणीच्या दाराशी ओढून घेतला होता. ती परवा जाणार होती. दुपारी ती खोलीत आली, मोबाइल माझ्यासमोर पलंगावर ठेवला आणि म्हणाली, "आज तुमीच लावा, वैनी. मी काही बोलत नाही." डोळे सुजलेले होते. रडली असेल. मी विचारलं नाही.

नको म्हणावंसं वाटत होतं. सकाळपासून चार वेळा थर्मामीटर लावला होता, चारही वेळा काही नव्हतं. पण आज नाही लावली तर मी कधीच लावणार नाही, आणि ताप यायचा तर तो त्याच्यामुळे थांबणार नाही, एवढं विज्ञान माझ्यात उरलं होतं. मी यादी उघडली. खानावळवाली सोडली, तिचं नावही नको होतं. डोंगरातल्या शाळेवर बोट गेलं. तीन मुलं. अंगठा शेवटच्या भागाकडे सरकला. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

सासूबाई आत आल्या. हातात केरसुणी नव्हती. त्या पलंगाच्या पायथ्याशी, झोपलेल्या ज्ञानदाजवळ खाली बसल्या, फोडांचा हात मांडीवर जपून ठेवला, आणि मोबाइलवरच्या चित्राकडे डोळे बारीक करून बघितलं. चित्रात तीन मुलं ओळीनं उभी होती, सगळ्यात धाकटं जेमतेम पाच वर्षांचं.

"याच्यात लेकरू तर नाही मरत?" त्यांनी विचारलं. "तू शेवट पाहतं ना पयले."

ज्योत्स्नानं माझ्याकडे बघितलं. मी अजून काहीच पाहिलं नव्हतं.

"नाही मरत," मी म्हटलं. "पाहिलं मी."

आणि पहिला भाग लावला. बर्फ पडत होता, एक बस डोंगर चढत होती, ते सगळ्यात धाकटं पोर खिडकीतून अर्धं बाहेर वाकलं होतं. माझा हात आपोआप ज्ञानदाच्या पोटावर गेला. तिथं आधीच एक हात होता, पाच फोडांचा. मी माझा त्याच्या शेजारी टेकवला. पोट गार होतं. बस वळणावर आली, आणि आम्ही दोघींनीही हात काढला नाही.